ड्रायव्हरचं नाव अक्षता

वाकोला, मुंबई
१३ ऑक्टोबर २०२४

ताई,

आणि तू परत तेच केलंस. पान एकशे बारा. मी मोजून एकोणीस ओळी उतरवून पाठवल्या, तुझ्याकडून मराठीत आल्या चौदा. मधल्या पाच कुठे गेल्या? पोस्टमनने खाल्ल्या? लहानपणी पण तू असंच करायचीस. देवगडला पिक्चर बघून यायचीस आणि मला अर्धीच स्टोरी सांगायचीस. वर म्हणायचीस, "बाकीचं तुला नाही कळणार." आता मी तेवीस वर्षांचा आहे. कळतं की नाही ते माझं मी बघतो. तू फक्त इंग्रजीचं मराठी कर ना.

नियम तुझाच आहे. पानाचा फोटो काढून पाठवायचा नाही, हाताने उतरवायचं आणि पोस्टात टाकायचं, म्हणजे डोक्यात राहतं. फोनवर बोललो की दोन मिनिटांत भांडण, म्हणून फोनवर बोलणं पण बंद. ठीक आहे. पाळतोय. गावकऱ्यांच्या या खोलीत सात माणसं मोबाईल बघत पडलेली, आणि मी त्यांच्या पायांत बसून एबीसीडी गिरवतोय. बाळा तर म्हणतो, "ह्याका काय लागला मरे?" तरी लिहितो. मग तू ओळी का गाळतेस?

बाबांनी विचारलं पोरगा कसलं पुस्तक वाचतो, तर सांग. नऊशे पानांचं धूड आहे. मरोळच्या रद्दीवाल्याकडून साठ रुपयांना घेतलं तेव्हा वर एक्सएमएल आणि वेब सर्व्हिस लिहिलंय एवढंच वाचता आलं होतं. आता शंभर पानं झाली. दोन अनोळखी कम्प्युटर एकमेकांना निरोप पाठवतात, तो निरोप कसा लिहायचा याचं पुस्तक आहे. नववी नापासाला एवढं कळलं, बस झालं.

सात नोकऱ्या सोडल्या, आठवी पण सोडशील, असं तू लिहिलंस. हो, सोडल्या. गोरेगावच्या स्टुडिओत लाइटी उचलल्या, कुरियर वाटले, सगळं केलं. मला एका जागी बसवत नाही त्याला मी काय करू? पण साकीनाक्याचं हे काम वेगळंच आहे. पॉवर प्रेस. पत्रा ठेव, पायडल दाब, क्लिप काढ. पत्रा ठेव, पायडल दाब. दिवसाला चार हजार वेळा. बसून पण वेड लागतं आणि उठून पण. मला इथून उठायचंय, ताई, पण यावेळी पळून नाही. उठून कुठेतरी बसायचंय.

आता मुद्द्याचं. पुस्तकात सरावासाठी सहा पत्ते दिलेत. तिथे निरोप पाठवला की समोरचा कम्प्युटर उत्तर देतो म्हणे. सायबरमध्ये बसून सहाच्या सहा करून बघितले. एकही उत्तर देत नाही. माझंच काहीतरी चुकतंय, आणि ती चूक तुझ्या त्या पाच ओळींत असणार. पाठव.

सुयोग


जामसंडे, ता. देवगड
२४ ऑक्टोबर २०२४

सुयोगा,

ओळी पोस्टमनने खाल्ल्या नाहीत, मीच गाळल्या. कारण मला त्या कळल्या नाहीत.

हे लिहायला मला तीन दिवस लागले. घरात बी.ए. झालेली मी, शाळेत इंग्रजी शिकवणारी मी. शब्द सगळे येतात रे, वाक्याचा अर्थ लागत नाही. तू उतरवून पाठवतोस, मी डिक्शनरी घेऊन बसते, आणि जे जुळत नाही ते गुपचूप सोडून देते. पिक्चरचंही तेच होतं. हिंदी नीट कळायचं नाही म्हणून अर्धी गोष्ट सांगायचे. आता खूश?

घे तुझ्या पाच ओळी. शब्दाला शब्द ठेवलाय, अर्थ विचारू नकोस:

"सेवा मागणाऱ्याचं यंत्र कुठलं आहे, ते कुठल्या भाषेत चालतं, याच्याशी सेवा देणाऱ्याला कर्तव्य नसतं. निरोप ठरलेल्या साच्यात असला म्हणजे झालं. निरोपाला लिफाफा असतो. लिफाफ्याच्या वरच्या भागात निरोप कसा हाताळायचा ते असतं, आतल्या भागात खुद्द निरोप. दोन्हींची सरमिसळ झाल्यास निरोप नाकारला जातो."

आमच्या शाळेतल्या कम्प्युटरच्या सरांना मी तुझं पुस्तक सांगितलं. ते हसले. म्हणाले, "हे आता कोण वाचतं? वीस वर्षांपूर्वीचं आहे." मला राग आला, पण एक कामाची गोष्ट सांगितली त्यांनी. ते सहा पत्ते कधीच बंद पडले असणार. तुझं काही चुकलेलं नाही. तू दारं वाजवतोयस त्या घरांत माणसंच राहत नाहीत.

बाबांचा निरोप आहे. शिमग्यापर्यंत प्रेसवरून उठला नाहीस तर घरी यायचं, कलमांच्या बागेत काम आहे. चिडू नकोस. तुमच्या खोलीतल्या सात जणांची मिळून हाताची बोटं सत्तर भरत नाहीत, बाकीची प्रेसने खाल्लीत, हे त्यांना ठाऊक आहे.

दिवाळीचा फराळ बाळाच्या भावाबरोबर देते. एकट्याने संपवू नकोस.

ताई


वाकोला
१९ नोव्हेंबर २०२४

ताई,

पहिलं म्हणजे मी प्रेसवर नाही. ऑफिसात आहे! उड्या मारू नकोस, थोड्या दिवसांसाठीच आहे. नलिनी मॅडमनी, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी, सांगितलं की तू वर बसून लेबलं लाव आणि काशीरामकाकांना मदत कर. अक्षर वाकडं आलंय ते पेनामुळे. भिकार पेन आहे.

काशीरामकाका म्हणजे आमचा अकाउंटवाला. साठी झालीय, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांची एक खोड आहे, दिसेल तो नंबर डायरीत टिपायचा. गाडीचा, चलनाचा, गॅस सिलिंडरचा. सकाळी ज्या बसने आले तिचा पण. मी म्हटलं, "काका, बसचा कशाला?" तर म्हणतात, "राहू दे रे. नंबर काय भात मागतो काय?"

तुझ्या ओळी तुला कळल्या नाहीत? अगं, सोपं आहे. आमचा माल कसा जातो बघ. मोठा बॉक्स, त्यात पुडे, पुड्यात क्लिपा. बॉक्सवर गाडीवाल्यासाठी लिहायचं, पुड्यावर दुकानवाल्यासाठी. गाडीवाल्याचं आत लिहिलं तर तो कशाला उघडून बघेल? उघडलेला प्रत्येक बॉक्स बंद झाला पाहिजे. आतला आधी बंद, बाहेरचा नंतर. एवढंच आहे एक्सएमएल. आणि पहिल्या ओळीचा अर्थ तर मला एकदम लागला. समोरचा विचारत नाही तू कोण, कुठला, किती शिकलास. कागद नीट असला की उत्तर देतो. एवढा सरळ माणूस मला मुंबईत अजून भेटला नाही.

आता ऐक. आमचा माल पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीत जातो. गाडी निघायच्या आधी तिची सगळी माहिती त्यांच्या कम्प्युटरला पाठवावी लागते. तो एक नंबर देतो, तो चलनावर लिहायचा. नंबर नसेल तर गेटवर गाडी आत घेत नाहीत. हे काम मुलुंडचा केतन म्हणून एक सॉफ्टवेअरवाला करायचा. गाडीमागे दीड हजार घ्यायचा, आता फोनच उचलत नाही. मॅडम रोज कंपनीच्या हातापाया पडतात. काल काका मला कंपनीचं जाडं मॅन्युअल दाखवून म्हणाले, "हे फेकू काय रद्दीत?" उघडलं आणि अंगावर काटा आला. तेच पुस्तकातले कंस, ताई! तोच लिफाफा, वरचा भाग, आतला भाग. कंपनीची सिस्टीम माझ्या पुस्तकाएवढीच जुनी आहे. तुझ्या सरांना सांग, कोण वाचतं ते.

बाबांच्या खात्यावर दहा हजार टाकलेत. बोनस मिळाला.

सुयोग


जामसंडे
२८ नोव्हेंबर २०२४

सुयोगा,

कुठलं बोट? आणि किती?

पेनाचं मला सांगू नकोस. मी चाळीस मुलांच्या वह्या तपासते. तुझ्या पत्रातली अक्षरं वरून खाली घसरलीत, पेन अंगठा आणि मधल्या बोटात धरलंय. दिवाळी होऊन अठरा दिवसांनी, सात महिने झालेल्या माणसाला दहा हजार बोनस? आणि प्रेसवरच्या पोराला उगाच कोणी खुर्चीत बसवतं?

बाबांना मी काही बोलले नव्हते. त्यांनी पासबुक भरून आणलं, आकडा बघितला आणि ताटावरून उठले. म्हणाले, "बोटाचे पैशे माका नको. जेचे तेका परत कर." मला विचारलंसुद्धा नाही कसले म्हणून. मी ते तुझ्या खात्यावर परत पाठवलेत. बँकेत चौकशी करत बसू नकोस, माझंच काम आहे.

मी तुझ्यावर ओरडणार नाही. मी ओळी गाळल्या, तू बोट गाळलंस. फिटंफाट. पण यापुढे दोघांनीही काही गाळायचं नाही.

मॅन्युअलची पानं पाठव. आणि एक राहिलं. "किती शिकलास" हे त्या पाच ओळींत नव्हतं. मी दोनदा तपासलं. यंत्र होतं, भाषा होती, शिक्षण नव्हतं. ते तू घातलंस.

ताई


वाकोला
११ डिसेंबर २०२४

ताई,

उजव्या हाताची तर्जनी. नखाच्या अर्ध्यापासून वर. झालं सांगून. दुखत नाही आता, फक्त नसलेल्या जागी खाज येते, त्याचं काय करायचं कळत नाही. मॅडम स्वतः रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेल्या, रडल्या पण. दहा हजार त्यांनीच दिले. मशीनला गार्ड लावते म्हणाल्यात, अजून लागलेला नाही.

आणि ऑफिस बोटावरच्या पट्टीपुरतंच आहे. उद्या सकाळी पट्टी निघणार. निघाली की परत खाली, त्याच मशीनवर. मॅडमनी कालच सांगितलं, "बसवून पगार द्यायला माझ्याकडे कंपनी नाही, वर्कशॉप आहे." बरोबर आहे त्यांचं. म्हणून तीन आठवडे मी बसल्या जागी नुसता चुळबुळतोय. लेबलं पटापट लावून टाकतो आणि काकांच्या कम्प्युटरवर मॅन्युअल घेऊन बसतो. पानं तुला पाठवायला वेळच नव्हता. तू शिकवलंस तसं एकेक शब्द मोबाईलवर बघून वाचलं. सुरुवातीची बारा पानं मी एकट्याने वाचली, ताई! मी!

आणि आज जेवणाच्या सुट्टीत करून बघितलं. फुकटचं एक सॉफ्टवेअर उतरवलं. त्यात पत्ता टाकायचा, निरोप टाकायचा, बटण दाबायचं. मॅन्युअलच्या शेवटी पत्ता होता, आणि पासवर्ड केतनच्या जुन्या फाइलमध्ये सापडला. पत्ता काय, पुस्तकातल्यासारखाच असणार, मेलेला. पण निरोप तर नीट लिहून बघू. मग काय भरायचं? क्लिपा पाच हजार. गाडीचा नंबर म्हणून तुझ्या स्कूटीचा नंबर टाकला, तोच तेवढा पाठ आहे. ड्रायव्हरचं नाव अक्षता. दाबलं बटण.

उत्तर आलं, ताई! लगेच! एक लांबलचक नंबर, वर लिहिलेलं की निरोप स्वीकारला. सहा पत्त्यांवर दोन महिने डोकं आपटलं, आणि आज समोरून कोणीतरी बोललं! कागद सापडेना म्हणून नंबर पट्टीवरच लिहिला. सगळ्यांना बोट दाखवत फिरलो. काका चष्मा वर करून बघत होते. मॅडम बँकेत गेल्या होत्या, त्यांना उद्या सांगणार. उद्या पट्टी निघायच्या आत मी त्यांना दाखवणार की मला वर ठेवा.

सुयोग


जामसंडे
१६ डिसेंबर २०२४

सुयोगा,

मेलेल्या पत्त्यावरून उत्तर येत नसतं रे.

तू कुणाला पाठवलंस ते? पुस्तकातले पत्ते मेलेले होते. हे मॅन्युअल त्या कंपनीचं आहे, ती कंपनी चालू आहे, तिचा पासवर्ड चालला! तुझं पत्र आज हातात पडलं आणि मी सगळे नियम मोडून तुला अकरा वेळा फोन केला. बंद लागतोय. बाळाला केला तर म्हणतो, "तेच्याकडे काय तरी झालासा, तो बोलणा नाय."

माझ्या स्कूटीवर पाच हजार क्लिपा चढवून मी पुण्याला निघालेय असं कुणीतरी समजून बसलंय का?

हे वाचल्यावर आधी मॅडमना खरं सांग. तुला काढलं तरी चालेल. घर आहे, बाग आहे. पण यावेळी पळून जाऊ नकोस. हे एक काम तू सोडून आलेलं मला बघायचं नाही.

ताई


वाकोला
२२ डिसेंबर २०२४

ताई,

पळालो नाही. पण वर्कशॉपच्या गेटपर्यंत गेलो होतो, ते पण सांगतो. गाळायचं नाही ठरलंय ना.

मागचं पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, दवाखान्यात पट्टी काढली, तिथल्या बादलीत टाकली आणि मी उशिराने वर्कशॉपला पोचलो. बघतो तर मॅडम फोन कानाला लावून उभ्या, चेहरा लालबुंद. कंपनीच्या गेटवरून फोन होता. आमच्या नावावर पाच हजार क्लिपा वाटेत आहेत असं त्यांच्याकडे दिसत होतं. त्यावर त्यांनी दुपारची जोडणीची लाइन लावून ठेवली होती. गाडी कुठे आहे? आणि गाडीचा म्हणून स्कूटरचा नंबर का दिलाय? मॅडमनी फोन खाली ठेवला आणि सगळ्या वर्कशॉपला विचारलं,

"अक्षता कोण?"

कोणी हसलं नाही. मी हात वर केला. म्हणजे तेच बोट वर गेलं. म्हटलं, "माझी बहीण. शिक्षिका आहे."

मग जे झालं ते जाऊ दे. माझा मोबाईल काढून, बंद करून त्यांनी टेबलाच्या खणात टाकला, तो पाच-सहा दिवस तिथेच होता, म्हणून तुला बंद लागला. कंपनीचा माणूस म्हणाला, चारच्या आत तुमच्याकडूनच रद्द झालं पाहिजे, नाहीतर लाइन थांबल्याचा दंड आणि पुढच्या ऑर्डरचा विचार करावा लागेल. रद्द करायचा निरोप पण त्याच पद्धतीने जातो. केतनचा फोन लागेना. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी तेव्हा गेटपर्यंत गेलो. आठवी नोकरी सोडायला तिथून चार पावलं होती. मग डोक्यात आलं, पळालो तर हे पाच हजार रद्द कोण करणार? समोरचा तर विचारत पण नाही मी कोण. त्याला फक्त नीट कागद पाहिजे. परत वर आलो.

मॅन्युअलचं पान सदतीस, रद्द करण्याचं. ते मी वाचलंच नव्हतं. मॅडमनी मोबाईल दिला नाही, म्हणजे डिक्शनरी पण नाही, तू पण नाहीस. बावीस ओळी. जी कळत नव्हती ती सोडून पुढे जावंसं वाटत होतं. पण मग तू आठवलीस, न गाळता बसलो. दीड तास लागला. अर्थ असा निघाला की पहिला निरोप जसा होता तसाच परत पाठवायचा, एक अक्षर बदलायचं नाही, फक्त वर रद्द लिहायचं आणि त्यांनी दिलेला नंबर टाकायचा.

नंबर!

तो पट्टीवर होता. पट्टी दवाखान्याच्या बादलीत. कम्प्युटर मी आदल्या दिवशी नाचत नाचत, काहीच सेव्ह न करता बंद केला होता. धावत दवाखान्यात गेलो, कचऱ्याची गाडी येऊन गेलेली. परत आलो तेव्हा तीन वाजून गेले होते. मॅडमनी गेटवर फोन करून नंबर मागितला, तर ते म्हणाले, तुमचा नंबर तुम्हालाच माहीत पाहिजे. एवढ्यात काशीरामकाका डायरी पुढे सरकवून म्हणाले, "हा काय बघ. काल तुझ्या बोटावर बघितला." बसचा नंबर, सिलिंडरचा नंबर आणि त्यांच्या खाली माझ्या बोटाचा नंबर. सतरा आकडे, एक पण चुकलेला नाही. मोतीबिंदूवाल्या डोळ्याने, ताई.

मॅडम मागे उभ्या होत्या. मी परत सगळं लिहिलं. क्लिपा पाच हजार, स्कूटीचा नंबर, ड्रायव्हर अक्षता. मॅडम म्हणाल्या, "नाव तरी बदल ना बाबा." म्हटलं, "नाही बदलायचं, मॅडम. मॅन्युअलमध्ये लिहिलंय." चारला बारा मिनिटं होती. रद्द झालं.

मला वाटलं आता शाबासकी. मॅडम म्हणाल्या, "पट्टी सुटली ना? मग जा मशीनवर."

गेलो. चूक माझीच होती. चार दिवस काम केलं, पत्रा ठेव, पायडल दाब, आणि दर वेळी नसलेलं बोट आधी मागे घेत होतो. तुझं पत्र त्याच दिवसांत लिहिलेलं, पण हातात पडलं काल.

मग बुधवारी खरी गाडी भरून उभी राहिली. खऱ्या क्लिपा, खरा ड्रायव्हर. दुपार झाली, केतनचा पत्ता नाही, कंपनीचा माणूस पण यावेळी ऐकेना. मी मशीनवर होतो. एकदम मोटर बंद पडली. बघतो तर नलिनी मॅडमनी स्वतः स्विच बंद केलेला. म्हणाल्या, "चल वर. गाडी उभी आहे."

हात न धुताच बसलो. ड्रायव्हरचं नाव विचारून घेतलं, यावेळी दोनदा. नंबर आला. काकांनी तो चलनावर लिहिला, मग डायरीत लिहिला, आणि गाडी गेली. संध्याकाळी गेटवरून फोन आला, गाडी आत घेतली. मॅडम म्हणाल्या, आता प्रत्येक गाडी तू पाठवायचीस, चुकलास तर मी तुझ्या बहिणीला ओळखते. मी सरळच विचारलं, "आणि मशीन?" त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. म्हणाल्या, "मशीनला गार्ड लागेपर्यंत कोणीच बसणार नाही. लागल्यावर पण तू नाही."

खुर्ची मिळालेली नाही. स्टूल मिळालंय, काकांच्या टेबलाच्या कोपऱ्याला. एक पाय आखूड आहे, सारखं डुगडुगतं. त्यामुळे माझं बरं चाललंय, नाहीतर मला बसवलं नसतं. काका सोमवारी डोळा दाखवायला जाणार आहेत. म्हणतात, "आता तू आहेस तर सुट्टी घेतो."

पान एकशे सव्वीस सोबत आहे, चोवीस ओळी. तुझं पण काम आता वाढणार. जिथे कळणार नाही तिथे नुसती रेघ मार. मी बघतो.

केतन गाडीमागे दीड हजार घ्यायचा, मॅडम मला अर्धे देणार. पहिल्या गाडीचे आलेत. तुझ्या खात्यावर टाकतोय, तू काढून बाबांच्या हातात दे आणि त्यांना सांग, मोजून घ्या, हे बोटाचे नाहीत, बसून कमावलेले आहेत. सातशे पन्नास रुपये.

सुयोग